बिनधाग्याचे दासरी सर

दासरी सरांच्या क्लासला मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांनी माझं नाव विचारलं नाही, फी सांगितली नाही, बसासुद्धा म्हटलं नाही. जिन्याच्या तोंडाशी ठेवलेल्या पिंपाकडे बोट दाखवून म्हणाले, "आधी हात धुवून घ्या, मॅडम."

मी वीस वर्षं शाळेत मराठी शिकवते. हात धुवायला सांगण्याचं काम माझं असतं, त्यामुळे मला रागच आला. पण माझ्या पुढचे पन्नाशीचे गृहस्थ निमूटपणे तांब्यानं हातावर पाणी घेत होते, म्हणून मीही घेतलं. पुढे कळलं की सर आधी यंत्रमागावर टॉवेल विणायचे. तेलकट हात पांढऱ्या सुताला लागला की अख्खा टॉवेल डागी निघतो, त्यामुळे कामाला लागण्यापूर्वी हात धुवायचेच. माग सोडून नऊ वर्षं झाली तरी ही सवय गेली नव्हती. कीबोर्डला तेल लागलं तर नेमकं काय डागी निघेल, हे त्यांना विचारायची आमच्यापैकी कुणाची छाती झाली नाही.

मी तिथं गेले कशी, तेही सांगायला हवं. आमच्या शाळेला कुणीतरी बारा कॉम्प्युटर दिले. ते एकमेकांना जोडून घ्यायचे होते. मुख्याध्यापिकाबाईंनी शिक्षकांच्या खोलीत नजर फिरवली. गणिताचे सर खिडकीबाहेर बघू लागले, विज्ञानाच्या बाईंना एकाएकी वह्या तपासायच्या आठवल्या. मी तेवढी बेसावध होते. "तुम्ही मोबाइलवर मराठी टाइप करता ना?" बाईंनी विचारलं. एवढ्या शिक्षणावर मी संगणक कक्षाची प्रमुख झाले.

क्लास साखर पेठेत, मिरची कांडपाच्या वर होता. खाली दिवसभर मिरची कुटली जायची आणि वर आम्ही शिंकत नेटवर्किंग शिकायचो. कॉम्प्युटर सहा. त्या सहांना जोडणारी वायर एकही नव्हती. सगळं शिक्षण सरावाच्या सॉफ्टवेअरमध्ये चालायचं. पडद्यावर कॉम्प्युटरची चित्रं आणून मांडायची, त्यांच्यात रेघांच्या वायरी ओढायच्या, प्रत्येकाला आकड्यांचा पत्ता द्यायचा. वायर नीट बसली की तिच्या टोकाला हिरवा त्रिकोण लागतो. मग एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्याला छोटा लिफाफा पाठवायचा. तो रेघेवरून सरकत जातो, पोचला तर बरोबरची खूण, नाही पोचला तर लाल फुली. लिफाफा पहिल्यांदा पोचला तेव्हा मी टाळी वाजवली होती. वर्गात मुलांना गप्प बसवणारी बाई मी, पण ते हिरवं झालं की हात आपोआप वर जायचे.

सॉफ्टवेअर नवीन कॉम्प्युटरला आपणहून पीसी-झिरो, पीसी-वन असं नाव देतं. सरांना ते अजिबात चालायचं नाही.

"कारखान्यात कामाला येतो तो माणूस असतो की! झिरो, वन ही काय नावं झाली?" ते म्हणायचे. "आधी नाव द्या, मग काम द्या, मगच वायर द्या."

त्यामुळे आमच्या पडद्यावर सुमन पगारपत्रक करायची, गफूरभाई गोडाऊन सांभाळायचे. लिफाफा सोडताना त्यात काय लिहिलंय ते मोठ्यानं सांगावं लागे. "सुमन विचारते, गफूरभाई, निळे टॉवेल किती शिल्लक आहेत?" लाल फुली आली की सर हळहळायचे, "अरेरे, गफूरभाई वाट बघत बसले असतील की." मी कधी नव्हे ते एका नसलेल्या माणसाच्या काळजीत घरी जायचे.

दुसरा नियम, क्लास संपला की पडद्यावरचा एकेक कॉम्प्युटर बंद करायचा. खरा नव्हे, चित्रातला. त्या चित्रालाही एक बटण असतं. नुसती फाइल बंद केली की काम भागतं, हे मी एकदा सांगून बघितलं.

"आणि हे बिचारे रात्रभर चालू राहू देत?" सरांनी विचारलं.

मी पुन्हा तो विषय काढला नाही. रोज चौदा बटणं दाबून घरी जायचे.

पिंपापाशी माझ्यापुढे उभे होते ते गृहस्थ म्हणजे मोहोळकडचे भोसले. दूध संकलन केंद्रावर हिशेबनीस. त्यांनी नियम इतका मनावर घेतला की पडद्यावर सगळी भावकी मांडली. त्यात चुलतभाऊ विष्णूही आला. वायरी ओढताना मात्र त्यांनी विष्णूला वगळलं.

"भोसले, हा एक सुटला बघा," सर म्हणाले.

"सुटला न्हाय, सोडलाय. बोलणं न्हाय आमचं."

"अहो, तो कॉम्प्युटर आहे!"

"नाव त्याचं हाय की! तुमीच म्हनला, मानसाचं नाव द्या. आता दिलंय तर निभवाय नको व्हय?"

सरांनी अर्धा तास समजूत घातली. शेवटी भोसल्यांनी वायर जोडली आणि विष्णूला पत्ता दिला तो स्वतःचाच. दोघांचा पत्ता एकच झाल्यावर सॉफ्टवेअरनं तक्रार केली. "बगा, हितंबी माज्या जागंवरच येऊन बसला," भोसले म्हणाले, आणि त्या दिवशी खाली कांडप बंद असूनही आमच्या डोळ्यांना पाणी आलं.

पण क्लासची खरी शान म्हणजे सरांची नमुन्याची फाइल. दोन वेगळ्या नेटवर्कमधले कॉम्प्युटर एकमेकांशी थेट बोलू शकत नाहीत, मध्ये राउटर लागतो, हा धडा नवशिक्यांना लवकर उतरत नाही. सर ती फाइल उघडायचे. डावीकडे एक कॉम्प्युटर, नाव 'नरसय्या'. उजवीकडे दुसरा, नाव 'अन्ना'. दोघांच्या मध्ये राउटर, त्याचं नाव 'वदिना'. तेलुगूत थोरल्या भावाला अन्ना म्हणतात आणि त्याच्या बायकोला वदिना. नरसय्या म्हणजे स्वतः सर.

"आता बघा. अन्नाला मीठ पाहिजे. मीठ नरसय्यापुढं आहे. दोघं एकाच घरात, समोरासमोर जेवायला बसलेत. पण अन्ना नरसय्याला सांगत नाही. तो वदिनाला सांगतो, 'त्याला म्हणावं मीठ दे.' वदिना नरसय्याला सांगते. नरसय्या मीठ वदिनाकडं देतो, वदिना अन्नाकडं. कळलं?"

सगळ्यांना कळलं. आमच्या क्लासमध्ये राउटरला राउटर कुणी म्हणतच नसे. "वदिनाचा पत्ता घातला का?" "वदिना बंद आहे वाटतं!" अशीच भाषा. परीक्षेतसुद्धा एकानं तसं लिहिल्याचं ऐकून आहे.

मला वाटायचं, सरांनी उदाहरण छान शोधलंय. भोसल्यांना तसं वाटलं नाही. ज्याच्या घरात अबोला आहे त्याला दुसऱ्याचा अबोला ओळखू येतो. त्यांनी सरळ विचारलं, "सर, किती वर्सं झाली?"

"नऊ," सर म्हणाले. पडद्याकडे बघतच.

मग हळूहळू कळलं ते असं. दोघा भावांचा अक्कलकोट रस्त्याला टॉवेलचा छोटा कारखाना. सर सात नंबरच्या मागावर. सायबर कॅफेत बसून ते हे सगळं शिकले आणि एक दिवस, मागावर चढवलेल्या उभ्या धाग्यांचा अर्धा ताणा शिल्लक असताना, क्लास काढतो म्हणून उठले. अन्ना तेव्हा एवढंच म्हणाले, "जा. बिनधाग्याचं विण." उरलेला अर्धा ताणा त्यांनी स्वतः विणून संपवला आणि त्या दिवसापासून धाकट्या भावाशी एक शब्द बोलले नाहीत. घर एक, चूल एक, मीठ एक. बोलणं तेवढं वदिनामार्फत.

"बिनधाग्याचं, म्हणजे खोटं," सर एकदा मला म्हणाले. "वाईट वाटतं ते याचंच, मॅडम. नऊ वर्षांत मी किती विणलं, ते त्याला मीटरमध्ये दाखवता येत नाही."

हे ते हसत म्हणाले होते, पण मला ते हसणं आवडलं नाही.

आणि मग एका सोमवारी सर क्लासला आले ते हात न धुता खुर्चीत बसले. आम्ही सगळे घाबरलो.

झालं होतं असं, की टॉवेल घेणाऱ्या व्यापाऱ्यांना आता गोडाऊनमधला माल कॉम्प्युटरवर दिसायला हवा होता. कारखान्याचं ऑफिस वदिना सांभाळायच्या. जोडणी करायला बाहेरचा एक जण येऊन बघून गेला. तो गेल्यावर वदिना जेवताना म्हणाल्या, घरात मास्तर असताना बाहेरचा कशाला? त्यावर अन्ना भाकरी मोडत म्हणाले, "त्याला विचार, खरं जमतं का? का नुसतं पडद्यावर?"

"मग तुम्ही काय म्हणालात?" मी विचारलं.

"वदिनाला म्हटलं, सांग त्याला, जमतं."

"छान की मग!"

सरांनी दार लावून घेतलं. "मॅडम, मी आजवर खरी वायर हातात धरलेली नाही."

नऊ वर्षं शिकवणारा हा माणूस. त्याच्या हाताखालून गेलेली मुलं पुण्या-हैदराबादला कंपन्यांची नेटवर्क सांभाळत होती. आणि ह्यांनी सगळं आयुष्य चित्रातल्या रेघा ओढण्यात घालवलेलं. खरं सामान घ्यायची क्लासची ऐपत नव्हती, आणि पुढे पुढे तर विचारायचीही लाज वाटू लागली, असं म्हणाले.

"फसलं तर अन्नाचं बरोबर ठरेल," सर म्हणाले. "मग मी क्लासला कुठल्या तोंडानं यायचं?"

"फसायचं न्हाय," भोसले उठून उभे राहिले. "आमी हाव की." त्यांच्या येण्यानं काम फसण्याची शक्यता वाढत होती, पण ते बोलायची वेळ नव्हती.

त्या आठवड्यात सरांनी पडद्यावर अख्खा कारखाना मांडला. ऑफिस, पॅकिंग, गोडाऊन. प्रत्येकाला नाव, काम. लिफाफे इकडून तिकडे धावले, सगळीकडे हिरवे त्रिकोण. रविवारी माग बंद असतात, म्हणून रविवारी सकाळी आम्ही तिघं कारखान्यात पोचलो. पोचल्याबरोबर सरांनी आम्हाला हात धुवायला पाठवलं. दारात अन्ना उभे होते. उंच, पांढरी बंडी, हात मागे बांधलेले. त्यांनी मला नमस्कार केला, भोसल्यांना केला, आणि सरांच्या डोक्यावरून पत्र्याकडे बघितलं.

वायरीच्या टोकाला प्लास्टिकचा जॅक बसवायचा असतो. आत आठ रंगीत तारा, केसापेक्षा थोड्या जाड, ठरलेल्या क्रमानं ओवायच्या आणि चिमट्यानं दाबायच्या. सरांनी पहिला जॅक हातात घेतला. अर्धा तास गेला. दुसऱ्याला दहा मिनिटं. आणि तिसऱ्यापासून मी जे पाहिलं ते विसरणार नाही. मागावरच्या माणसानं फणीच्या दातांतून हजारो धागे ओवलेले असतात. त्या बोटांना आठ तारा म्हणजे काहीच नव्हतं. न बघता, आमच्याशी बोलत बोलत सर जॅक बसवत गेले. भोसल्यांनी तेवढ्या वेळात अकरा जॅक वाया घालवले आणि बाराव्याला बोट चिमटून घेतलं.

दुपारपर्यंत ऑफिस ते पॅकिंग चालू झालं. खरा हिरवा दिवा लागला. मी सवयीनं टाळी वाजवली. राहिलं गोडाऊन. ते आवाराच्या दुसऱ्या टोकाला. सरांनी आधीच जमिनीवर फीत धरून अंतर मोजलं होतं, ब्याण्णव मीटर. अशी वायर शंभर मीटरच्या पुढे भरवशाची नाही, हे तर ते प्रत्येक बॅचला पहिल्या आठवड्यात सांगायचे. ब्याण्णव म्हणजे आठ मीटर हातात राखून. वायर ऑफिसच्या भिंतीवरून वर नेली, छपराच्या कैचीला बांधत, खांबांना वळसे घालत, मागांच्या शेडमधून पलीकडे नेऊन गोडाऊनमध्ये उतरवली. भोसले गोडाऊनच्या कॉम्प्युटरपुढे जाऊन बसले.

दिवा लागला. विझला. लागला. विझला. दहा चिठ्ठ्या पाठवल्या तर तीन पोचल्या.

सरांनी जॅक बदलले. पत्ते तपासले. सगळ्या वायरी जिथं येऊन मिळतात त्या डबीचं बटण बंद करून चालू केलं. मी काहीतरी करायचं म्हणून देवाचं नाव घेतलं. तास गेला. अन्ना खांबाजवळ उभे, हात मागेच. शेवटी सरांनी लॅपटॉप उघडला, कारखान्याची फाइल काढली आणि कुणाकडेही न बघता म्हणाले, "इथं तर चालतंय की! हे बघा. इथं चालतंय."

पडद्यावर लिफाफा गोडाऊनला पोचला, हिरवी खूण आली. खऱ्या गोडाऊनमधून भोसल्यांची हाक आली, "न्हाय आलं!"

मला रडू यायला लागलं होतं. वदिना चहाचे ग्लास घेऊन आल्या, त्यांनी एकदा नवऱ्याकडे बघितलं, एकदा दिराकडे, आणि नेहमीप्रमाणे मधे उभ्या राहिल्या. काही सांगायचं असेल तर सांगा, पोचवते, अशा.

अन्नांनी त्यांना हातानं बाजूला व्हायला सांगितलं.

"तम्मुडू," ते म्हणाले. धाकट्या भावाला तेलुगूत तसं म्हणतात. पुढचं, आम्हाला कळावं म्हणून की काय, मराठीत होतं. "शंभर मीटर टॉवेलला लूपचा ताणा किती लावतोस?"

सरांना वाटलं असावं, दुसऱ्याच कुणाशी बोलतायत. त्यांनी मागे वळून बघितलं. मग उभे राहिले. "चारशेच्या वर, अन्ना."

"का? टॉवेल तर शंभरच आहे."

"धागा सरळ जात नाही. वर जातो, खाली येतो."

"मग ही तुझी वायर सरळ गेली व्हय?"

सर वायरीकडे बघत राहिले. भिंतीवरून वर गेलेली, कैचीवरून फिरलेली, खांबाखांबाला वळसे घातलेली, खाली उतरलेली. वायरीच्या अंगावर मीटरचे आकडे छापलेले असतात. ऑफिसच्या टोकाचा आकडा सरांनी वाचला, गोडाऊनच्या टोकाचा भोसल्यांनी ओरडून सांगितला. वजाबाकी मी केली. एकशे चौतीस.

सर मटकन खाली बसले आणि हसायला लागले. विणकराचा मुलगा, विणकराचा नातू, आणि धागा वरखाली जातो हे विसरला. नऊ वर्षं पडद्यावर रेघा इतक्या सरळ ओढल्या होत्या, की खऱ्या वायरीला चढउतार असतात हे डोक्यातून गेलं होतं.

उपाय सोपा होता. मधे एक जोडणीची डबी बसवायची, की तिथून पुढे पुन्हा नवीन शंभर मीटर मिळतात. डबी जवळ होती. पण मधली जागा म्हणजे मागांची शेड, सगळीकडे सुताची कसपटं उडणार. वदिनांनी ती ठेवायला जाळीचा डबा दिला, वरून मलमलीचं फडकं बांधलं. कुठे लावायची म्हणून सर इकडेतिकडे बघत होते.

"सात नंबरच्या डोक्यावर लाव," अन्ना म्हणाले.

सात नंबर. मधोमध होता म्हणून म्हणाले असतील. मला तसं वाटत नाही. सरांनाही वाटलं नाही, कारण शिडीवर चढल्यावर बराच वेळ ते खाली उतरले नाहीत, आणि खिळा तर केव्हाच ठोकून झाला होता.

सरांनी शेवटचा जॅक दाबला. वदिनांनी ऑफिसातून चिठ्ठी सोडली. "आलं! आलं! धाच्या धा आली!" भोसल्यांचा आवाज गोडाऊनमधून अख्ख्या आवारात घुमला. त्या आवाजाला शंभर मीटरची अट नव्हती.

अन्नांनी हिरव्या दिव्याकडे थोडा वेळ बघितलं. "हा असाच लागून राहतो?"

"हो, अन्ना."

"बरं," ते म्हणाले, आणि चहा गार झाला म्हणून वदिनांवर ओरडले. वदिनांना त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही. त्या पदरानं डोळे पुसत दुसरा चहा करायला गेल्या.

पुढे आमच्या शाळेचे बारा कॉम्प्युटर मी जोडले. वायर दोनदा मोजून. मुलं पीसी-झिरो म्हणाली की मला खटकतं आणि मी त्यांना नावं द्यायला लावते. बाकी सरांकडे जाणं सुटलं.

परवा एका अडचणीसाठी संध्याकाळी क्लासवर गेले. पिंपापाशी हात धुतले. क्लास सुटला होता. सर नमुन्याची फाइल उघडून बसले होते. बघितलं तर त्यात नरसय्या आणि अन्ना यांच्यामध्ये सरळ वायर होती. वदिना मधे नव्हती.

"सर, हे चालणार नाही," मी म्हटलं. शेवटी त्यांचीच विद्यार्थिनी. "दोघं वेगळ्या नेटवर्कमध्ये आहेत. थेट कसे बोलतील?"

"पत्ता बघा की," सर म्हणाले.

मी पत्ता बघितला. अन्नाचा आकडा बदललेला होता. दोघं आता एकाच नेटवर्कमध्ये होते.

"आणि वदिना?"

त्यांनी पडदा सरकवून दाखवला. वदिना वरच्या बाजूला होती आणि तिची वायर बाहेरच्या जगाकडे गेली होती. "ती म्हणाली, सुटले बाई एकदाची. मुलीकडं हैदराबादला गेलीय महिनाभर."

"मग घरी बोलता का तुम्ही दोघं?"

"बोलतो कसलं, भांडतो. कालच मीठ जास्त पडलं म्हणून भांडलो. स्वयंपाक आता आम्हीच करायलोय न."

माझी अडचण त्यांनी दोन मिनिटांत सोडवली. मग रोजच्यासारखे बटणं दाबू लागले. वदिनाचं बटण बंद. नरसय्याचं बंद. खाली कांडपाचं शटर पडल्याचा आवाज आला. सरांनी क्लासचा दिवा घालवला, पिशवी खांद्याला लावली आणि मला म्हणाले, "चला मॅडम."

"सर, अन्ना राहिला," मी पडद्याकडे बोट दाखवलं.

"राहू दे," ते म्हणाले. "चालू असू दे." आणि चपला घालून ते जिना उतरायला लागले.